कीड दिसतेय, तरी डॉक्टर ‘थांबू’ म्हणतात ते का?

प्रश्न थोडक्यात असा: “एक्स-रेत दोन दाढांच्या मधे कीड दिसतेय, पण डॉक्टर म्हणाले आत्ता भरायला नको, वर्षभराने पुन्हा बघू. ही टाळाटाळ आहे का? शिवाय एक दाढ काढलेली आहे, तिथे इम्प्लांट सांगितलंय. पण २०३० पर्यंत औषधाने नवे दात उगवणार अशी बातमी वाचली, तर तोवर थांबू का? आणि हिरड्यांच्या आजाराने अल्झायमर होतो, फ्लोराइडने मुलांची बुद्धी कमी होते, फ्लॉसचा काही उपयोग नाही, हे सगळं रोज वाचनात येतं. त्यातलं खरं किती?”

यातला सगळ्यात कमी सनसनाटी प्रश्न पहिला आहे, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दंतवैद्यकात जे खरोखर बदललं ते नेमकं तिथेच आहे. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यालाच देते. बातम्या दात उगवण्याच्या येतात. खुर्चीत बसलेल्या पेशंटच्या वाट्याला येणारा बदल वेगळाच आहे: ड्रिल कमी वेळा, उशिरा, आणि वापरावं लागलंच तर जितकं लागेल तितकंच.

तर, टाळाटाळ नाही. निदान तुम्ही सांगितलंय त्यावरून तरी नाही.

साखर तोंडात गेली की दातावरच्या चिकट थरातले जंतू ती आंबवतात. काही मिनिटांत तिथला पीएच ५.५ च्या खाली उतरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि इनॅमलमधून (दाताच्या बाहेरच्या टणक आवरणातून) कॅल्शियम, फॉस्फेट सुटू लागतं. मग लाळ अर्ध्या-एक तासात ते आम्ल निष्प्रभ करते आणि सुटलेलं खनिज पुन्हा आत बसू लागतं. हा जमाखर्च दिवसभर चालू असतो. तो महिनोन् महिने तोट्यात राहिला तर इनॅमल आतून सच्छिद्र होतं, पण गंमत अशी की सगळ्यात बाहेरचा पातळ पापुद्रा बराच काळ शाबूत राहतो. तुमच्या एक्स-रेत दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात त्याच्या जरा खाली जो काळसर त्रिकोण दिसतो, तो हा सच्छिद्र भाग. तिथे खड्डा असेलच असं नाही. पापुद्रा टिकून आहे तोवर ती कीड थांबवता येते, काही अंशी भरूनही येते. इनॅमल ओलांडायला अशा किडीला बहुतेक मोठ्या माणसांत काही वर्षं लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती कधीच ओलांडत नाही.

आता याच ठिकाणी सिमेंट भरायचं ठरवलं तर काय होतं ते बघा. कीड दोन दाढांच्या फटीत आहे, तिथे सरळ पोहोचता येत नाही. म्हणून वरून, दाढेच्या निरोगी कडेतून वाट काढावी लागते. मिलिमीटरभर किडीसाठी त्याच्या कितीतरी पट चांगला दात जातो. आणि भरलेलं सिमेंट जन्मभर पुरत नाही. काही वर्षांनी कड उचकते, ते बदलताना खड्डा थोडा वाढतो, पुढच्या वेळी आणखी वाढतो, मग कॅप, मग रूट कॅनाल. या साखळीतली पहिली कडीच सगळ्यात महाग असते, आणि ती जितकी पुढे ढकलता येईल तितकं बरं.

जुन्या पद्धतीत टोकदार आकडी दातावर दाबून बघायचे. ती अडकली की कीड. आता किडीची तपासणी दात पुसून, कोरडा करून, चांगल्या उजेडात डोळ्यांनी करायची असते. आकडी दाबली तर तोच शाबूत पापुद्रा फुटतो आणि जो डाग थांबला असता त्याचा खड्डा आपल्याच हाताने होतो. तुमचे डॉक्टर आधी हवेचा फवारा मारून मग बघत असतील तर ते याचसाठी. सुरुवातीची कीड ओल्या दातावर दिसतच नाही, वाळला की खडूसारखा पांढरा डाग उठतो.

मात्र ‘थांबू’ म्हणजे काही न करणं नव्हे. थांबण्यात चार गोष्टी यायला हव्यात: त्या जागी फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप), त्या फटीची रोज सफाई, गोड खाण्या-पिण्याच्या वेळांना आळा, आणि ठरलेल्या मुदतीने तसाच एक्स-रे काढून जुन्याशी ताडून बघणं. डॉक्टर नुसतं ‘बघू पुढे’ म्हणाले असतील तर पुढच्या वेळी विचारा की थांबायचं तर काय काय करत थांबायचं. फटीतली कीड डेंटिनच्या, म्हणजे इनॅमलखालच्या मऊसर थराच्या, कडेपर्यंत आली असेल तर एक मधला मार्गही आहे. आम्लाच्या जेलने पापुद्रा खुला करून, अल्कोहोलने ओल काढून, पाण्यासारखं पातळ रेझिन त्या सच्छिद्र भागात मुरवायचं आणि प्रकाशाने घट्ट करायचं. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. ही पद्धत जर्मनीतल्या संशोधकांनी विकसित केली आणि फटीतल्या किडीची वाढ मंदावण्यात तिचे निकाल चांगले आहेत.

गोडाच्या बाबतीत किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं, हे सगळे सांगतात. हे ज्ञान कुठून आलं ते फार कमी जण सांगतात. स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या संस्थेत १९४५ नंतरच्या काही वर्षांत मतिमंद रुग्णांना जेवणाच्या मधल्या वेळांत चिकट टॉफी देऊन त्यांचे दात किडतात का ते बघितलं गेलं. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. निष्कर्ष खरा निघाला, आजही वापरात आहे, पण तो मिळवण्याचा मार्ग लाज वाटावी असा होता.

थांबण्याचा सल्ला मी प्रत्येकाला देत नाही. जो माणूस चार-चार वर्षं फिरकत नाही, ज्याच्या तोंडात एकाच वेळी सहा-सात नवे डाग आहेत, किंवा औषधांमुळे लाळ सुकलेली आहे, त्याच्या बाबतीत मी लवकर भरते. आणि पृष्ठभाग फुटून खड्डा झाला असेल, ब्रश तिथे पोहोचत नसेल, तर भरायलाच हवं. यावर फारसा वाद नाही.

मग खोल किडीचं काय? माझ्या मते गेल्या काही दशकांतलं सगळ्यात महत्त्वाचं संशोधन इथे झालंय आणि त्याची बातमी कुणीच केली नाही. आम्हाला शिकवलं होतं की कीड शेवटच्या कणापर्यंत काढा, तळ टणक लागेपर्यंत. त्या नादात कित्येकदा नस उघडी पडायची आणि साध्या सिमेंटचं रूट कॅनाल व्हायचं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी कीड तशीच आत ठेवून वरून सिमेंट आणि सीलंटने (खाचा बंद करणाऱ्या पातळ थराने) तोंड बंद केलं होतं, आणि झाकण पक्कं राहिलं तिथे कीड पुढे सरकली नाही. जंतूंना बाहेरून साखर मिळाली नाही की ते उपाशी मरतात किंवा निपचित पडून राहतात. पुढे ब्राझीलमधल्या संशोधकांनी खोल किडीच्या दाढांवर दोन पद्धती ताडून पाहिल्या. एकीत नसेजवळचा मऊ थर ठेवून एकाच बैठकीत कायमचं भरायचं. दुसरीत तात्पुरतं भरून काही महिन्यांनी पुन्हा उघडून उरलेली कीड काढायची. पाच वर्षांनी पहिल्या पद्धतीत साधारण ८० टक्के दातांची नस जिवंत होती, दुसरीत ५६ टक्के. म्हणजे पुन्हा उघडून ‘नीट साफ’ करण्याच्या बेताचा फायदा झाला नाही. दुसऱ्या बैठकीला बरेच जण आलेच नाहीत, आणि जास्त नुकसान त्यांच्याच दातांचं झालं. २०१५ मध्ये बेल्जियमच्या लूव्हेन शहरात जमलेल्या तज्ज्ञांनी याच धर्तीवर शिफारशी केल्या. त्या पुढच्या वर्षी छापून आल्या.

प्रत्यक्षात हे कसं करतात ते सांगते, कारण पेशंटला वाटतं डॉक्टरांनी घाईत अर्धवट सोडलं. खड्ड्याच्या कडा मात्र पूर्ण साफ करायच्या, टणक इनॅमल आणि टणक डेंटिन लागेपर्यंत, कारण सिमेंट चिकटणार तिथेच. तळाकडे जाताना ड्रिल बाजूला ठेवून छोट्या चमच्यासारख्या हत्याराने खरवडायचं. ओली, लोण्यासारखी कीड सहज निघून येते. त्याखाली चामड्यासारखा थर लागतो. हत्याराला तो किंचित दाबला जातो, पापुद्र्यांनी निघतो. नस जवळ असेल तर तिथे हात थांबवायचा. रंगाकडे बघायचं नाही. काळा पण टणक डेंटिन ही बहुतेकदा जुनी, थांबलेली कीड असते. फिकट पिवळा आणि मऊ डेंटिन जास्त काळजीचा. मग नीट कोरडं करून पक्कं झाकायचं. नंतरच्या एक्स-रेत त्या जागी काळसर छाया दिसत राहते आणि एखादा नवा डॉक्टर म्हणतो, “खाली कीड राहिलीय, उघडूया.” त्याला आधी सांगा की ती ठरवून ठेवलेली आहे.

हे सगळं दात अधूनमधून, गार-गोड लागल्यावरच दुखत असेल तेव्हासाठी. रात्री झोपेतून उठवणारा, आपोआप सुरू होऊन तास तास चालणारा ठणका असेल तर नस गंभीर सुजलेली असते. पण तिथेही गोष्टी हलल्या आहेत. १९९० च्या दशकात अमेरिकेत लोमा लिंडा विद्यापीठात एमटीए नावाचं सिमेंट विकसित झालं. नसेला लागून ठेवलं तरी ती सहन करते, उलट त्याखाली नवा टणक थर तयार करते. त्यामुळे नसेचा फक्त वरचा सुजलेला भाग काढून मुळांतली नस जिवंत ठेवायची, हा उपाय पूर्वी लहान मुलांपुरता होता तो आता मोठ्यांच्या दाढांतही केला जातो. प्रत्येक दाताला लागू नाही. वरचा भाग काढल्यावर आतलं रक्त काही मिनिटांत थांबतं की नाही यावर बरंच ठरतं, आणि ते दात उघडल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे ‘आधीच सांगा, रूट कॅनाल लागेल की नाही’ या प्रश्नाला कधी कधी प्रामाणिक उत्तर ‘उघडून बघू’ हेच असतं.

जाता जाता: अशा ठणक्यासाठी अँटिबायोटिक घेऊन उपयोग नाही. सूज चेहऱ्यावर पसरत असेल, ताप असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसत्या नसेच्या दुखण्यावर अँटिबायोटिकने फरक पडत नाही, आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. दुखणं दोन दिवसांनी कमी झालं तर ते बहुतेकदा नस मरायला लागल्यामुळे. लोक मात्र श्रेय गोळीला देतात.

मुलांच्या बाबतीत हा बदल आणखी ठळक आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध जपानमध्ये अर्धशतकाहून जास्त काळ वापरात आहे, पण बाकी जगाने ते उशिरा मनावर घेतलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. दात पुसून कोरडा करायचा, इवल्याशा ब्रशने एक थेंब किडीवर चोळायचा, मिनिटभर थांबायचं, झालं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात कठीण करतं. किंमत अशी की किडलेला भाग कायमचा काळाकुट्ट होतो. पुढच्या दातांना लावण्याआधी आई-वडिलांना फोटो दाखवून मगच विचारावं, नुसतं ‘थोडं काळं पडेल’ म्हणून भागत नाही. न्यूयॉर्कच्या शाळांत झालेल्या आणि २०२४ मध्ये छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात, चार वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, हे औषध दाढांच्या खाचांत भरायच्या सीलंटच्या तोडीचं ठरलं. विशेष म्हणजे नर्सनी लावलं तरीही परिणाम तितकाच.

दुसरी पद्धत आहे हॉल तंत्राची, स्कॉटलंडमधून आलेली. दुधाच्या किडलेल्या दाढेला इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, कीड काढायचीसुद्धा नाही. आधी दाढांमधे बारीक रबरी रिंग घालून जागा करायची. काही दिवसांनी ती काढून स्टीलची कॅप सिमेंटने भरून दाढेवर बसवायची आणि मुलाला चावायला सांगायचं. पहिले काही आठवडे तोंड नीट मिटत नाही, चावताना कॅप उंच लागते. पालक घाबरून फोन करतात. मग ते आपोआप जुळतं. पाच वर्षांनंतरच्या निकालांत गंभीर अपयश या कॅपमध्ये ३ टक्के होतं, नेहमीच्या सिमेंटमध्ये १६.५ टक्के. पण याच्या उलट बाजूचाही आकडा सांगायला हवा. ब्रिटनमध्ये पुढे ११४४ मुलांवर फिक्शन नावाची चाचणी झाली. नेहमीसारखं भरणं, कीड आत बंद करणं आणि नुसता प्रतिबंध, अशा तीन वाटा ताडून पाहिल्या. जवळपास तीन वर्षांत तिन्ही गटांत साधारण सारख्याच, म्हणजे दहापैकी चाराहून जास्त मुलांना कधी ना कधी दुखणं किंवा पू झाला. याचा अर्थ मी असा घेते: एकदा दुधाच्या दातांना कीड लागली की कोणतीच पद्धत जादू करत नाही, मग निदान कमी त्रासाची निवडावी.

आता तुमच्या बाकीच्या बातम्या. इथे मी भरभर जाते.

दर सहा महिन्यांनी तपासणी आणि दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेणं, याचं पाठांतर आम्ही पेशंटकडून पिढ्यान् पिढ्या करून घेतलं. ब्रिटनमध्ये ते तपासून पाहिलं. एका चाचणीत १८७७ मोठ्या माणसांत सहा महिन्यांनी स्केलिंग (दात साफ करणं), वर्षाने स्केलिंग, किंवा मुळीच नाही, असे गट केले. तीन वर्षांनी हिरड्यांतून रक्त येण्यात फरक दिसला नाही. दुसरीत तपासणीचं अंतर बदललं. चार वर्षांनी तिथेही फरक नाही. हे माझ्या व्यवसायाला न परवडणारे निकाल आहेत, आणि म्हणूनच ते आवर्जून सांगते. मात्र ज्यांना खरा पायोरिया आहे, दातांभोवती खोल खिसे आहेत, ती माणसं या स्केलिंगच्या चाचणीत नव्हती. त्यांना खोल सफाई आणि नियमित पाठपुरावा लागतोच, आणि तो कमी केला तर दात जातात.

फ्लॉसबद्दल: ‘उपयोग नाही’ असं कुणी सिद्ध केलेलं नाही. चाचण्या छोट्या, कमी काळाच्या आणि ढिसाळ आहेत, म्हणून पुरावा कमकुवत आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्याचा (कॉक्रेन ही अनेक चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) सूर असाच होता, आणि त्यात फटीत जाणारे बारीक ब्रश फ्लॉसपेक्षा थोडे बरे असावेत असंही दिसलं. फट थोडीशीही मोठी असेल तर मी ब्रशच देते. फ्लॉस नीट वापरणारे पेशंट मला फार थोडे भेटलेत. बाकीचे दोरा फटीत घालतात आणि तसाच वर ओढतात, दाताच्या कडेला वळवून घासत नाहीत.

अल्झायमरची बातमी २०१९ ची. मेंदूच्या नमुन्यांत हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू सोडतो ते विकर सापडलं, उंदरांत ते रोखणारं औषध चाललं, आणि मथळे छापून आले. त्यानंतरची गोष्ट मथळ्यात आली नाही. तेच औषध अल्झायमरच्या ६४३ रुग्णांना देऊन पाहिलं आणि २०२१ मध्ये चाचणी मुख्य उद्दिष्टात अपयशी ठरली. यकृतावर परिणामही दिसले. याने संबंध पूर्ण खोटा ठरत नाही. पण ‘हिरड्या सांभाळा म्हणजे अल्झायमर टळेल’ असं आज कुणी सांगत असेल तर ते त्याच्या मनाचं आहे. गरोदरपणाचंही तसंच झालं. हिरड्यांचा आजार असलेल्या बायकांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त दिसतात हे खरं, पण अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर झालेल्या आणि २००६ मध्ये छापलेल्या चाचणीत उपचाराने ते प्रमाण बदललं नाही. त्या चाचणीतून दुसरं एक कामाचं कळलं: गरोदरपणात हिरड्यांचे उपचार सुरक्षित आहेत. हृदयविकाराशी संबंध वारंवार दिसतो, कारण म्हणून मात्र सिद्ध झालेला नाही.

मधुमेहाचं प्रकरण वेगळं आहे, आणि यातली हीच एक गोष्ट मी प्रत्येक पेशंटला सांगते. इथे नुसता संबंध दिसला असं नाही, उपचार करून आकडा हलतो हे दिसलंय. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात ३५ चाचण्या एकत्र केल्या, तर हिरड्यांच्या खोल सफाईनंतर तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा, टक्क्यांत मोजायचा आकडा) सरासरी ०.४३ ने खाली आला होता. लंडनमध्ये झालेल्या एका चाचणीत, जिथे उपचार जास्त नेटाने केले, वर्षभराने फरक ०.६ होता. मधुमेहाचं जास्तीचं एखादं औषध जोडल्यावर जेवढा फरक पडतो त्याच्या हा जवळपास जातो. कारणही कळण्यासारखं आहे. पायोरियात हिरडी आणि दात यांच्यामधल्या खिशाचं आतलं अस्तर सोललेलं, सुजलेलं असतं. ती सूज रक्तात रसायनं सोडत राहते आणि इन्शुलिनचं काम बिघडवते. उलट बाजूने साखर जास्त राहिली की हिरड्या लवकर बिघडतात. मधुमेह असेल आणि ब्रश करताना रक्त येत असेल, तर या सगळ्या यादीतलं आधी ते बघा.

फ्लोराइड. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल पिण्याच्या पाण्याबद्दल होता, पेस्टबद्दल नव्हे. लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड असलेल्या पाण्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध दिसतो, असं त्यांनी मध्यम खात्रीने म्हटलं. अमेरिकेत पाण्यात मुद्दाम मिसळतात ते प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी असतं, आणि त्याबद्दल निष्कर्ष काढायला माहिती पुरेशी नाही, असंही तिथेच लिहिलंय. पाण्यात फ्लोराइड मिसळावं की नाही यावर आज प्रामाणिक वाद होऊ शकतो, कारण पेस्ट घरोघरी पोहोचल्यावर त्याचा फायदाही घटलाय. २०२४ च्याच कॉक्रेन आढाव्यात तो मुलामागे साधारण पाव दाताइतका निघाला. पेस्टचं तसं नाही. ती गिळायची नसते, तिचा परिणाम दाताच्या पृष्ठभागावर होतो, आणि किडीविरुद्ध इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कोणत्याच घरगुती गोष्टीचा नाही. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, ब्रश मोठ्यांनी धरायचा. घासून झाल्यावर थुंकायचं, पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही. मोठ्यांनीही.

हायड्रॉक्सीअपटाइटच्या (दात ज्या खनिजाचा बनलेला असतो त्याच्या) पेस्ट हल्ली खूप विचारल्या जातात. अभ्यास आहेत, काही आशा वाटावी असे आहेत, पण थोडे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी उत्पादकांचा हात आहे. फ्लोराइड अजिबातच नको असणाऱ्यांना मी ती ‘काहीच नसण्यापेक्षा बरी’ म्हणून देते. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशबद्दल एवढंच: ते औषध आहे, ऑपरेशननंतर आठवडा-दोन आठवडे ठीक. २०१३ मध्ये १९ निरोगी माणसांना ते सात दिवस दिलं तर रक्तदाब दोन-तीन अंकांनी वर गेला, कारण भाज्यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करणारे जिभेवरचे उपयोगी जंतू त्याने मारले. अभ्यास लहान आहे. पण रोजच्या चुळांसाठी ते नको म्हणायला मला तो पुरतो.

‘किडीचा जंतूच बदलून टाका’ असं सांगणाऱ्या महागड्या थेंबांपासूनही लांब राहा. २०२३ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या ३०० मुलांच्या दातांवरच्या थराचा अभ्यास झाला. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स या कुप्रसिद्ध जंतूच्या भोवती सेलेनोमोनास नावाचा, एरवी हिरडीखाली राहणारा जंतू मधाच्या पोळ्यासारखी रचना उभारतो आणि दोघे मिळून आम्ल जास्त करतात, असं त्यात दिसलं. एकाला हाकललं म्हणजे कीड संपली, इतकं सोपं हे प्रकरण नाही.

राहिलं इम्प्लांट, आणि दात उगवणाऱ्या औषधाची वाट बघणं. जपानमधलं संशोधन खरं आहे, आणि हुशारीचं आहे. यूएसएजी-१ हे प्रथिन दाताच्या वाढीला लगाम घालतं. ते अडवणाऱ्या प्रतिपिंडाने उंदरांत आणि फेरेट या मुंगसासारख्या छोट्या प्राण्यात जास्तीचा दात उगवला, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२४ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात माणसांवर पहिली चाचणी सुरू झाली: किमान एक दाढ नसलेले ३० ते ६४ वयाचे ३० पुरुष. पण या टप्प्यात औषध सुरक्षित आहे का एवढंच बघतात. पुढचा टप्पा ज्यांचे दात जन्मतःच आलेले नाहीत अशा मुलांसाठी योजलेला आहे, आणि २०३० चं उद्दिष्ट सांगितलं जातं ते त्यांच्यासाठी. किडीने दाढ गमावलेल्या मोठ्या माणसाची रांग त्यानंतर.

आणि समजा उद्या चाललं, तरी वेळेचं काय? माणसाची पहिली कायमची दाढ जन्माच्या सुमारास टणक व्हायला लागते आणि सहाव्या वर्षी तोंडात येते. उंदराची दाढ काही आठवड्यांत तयार होते. मोठ्या माणसाच्या जबड्यात, हव्या त्या जागी, हव्या त्या आकाराची दाढ किती वर्षांत येईल हे अजून कुणी पाहिलेलं नाही. दरम्यान तुमची रिकामी जागा तशीच थांबत नाही. शेजारची दाढ त्या बाजूला कलते, समोरची वर किंवा खाली सरकते, हाड पातळ होत जातं. दोन-तीन वर्षांनी इम्प्लांट करायचं म्हटलं तर आधी हाड भरावं लागेल, कदाचित दाढ सरळ करायला तारा लावाव्या लागतील.

म्हणून औषधाची वाट पाहू नका. इम्प्लांट नको असेल, खर्च जास्त वाटत असेल, किंवा धूम्रपान सुटेपर्यंत डॉक्टरांनीच थांबायला सांगितलं असेल, तर ब्रिज किंवा काढता-घालता येणारी एका दाताची कवळी घेऊन जागा तेवढी धरून ठेवा. शेजारच्या दोन्ही दाढा धडधाकट असतील तर त्या कापून ब्रिज करण्याआधी दुसरं मत घ्या. आणि काढलेली दाढ सगळ्यात मागची असेल, समोरची दाढ चावायला दुसरीकडे नीट टेकत असेल, तर काहीच न बसवणं हाही पर्याय आहे. तो डॉक्टरांनी सांगितला नसेल तर तुम्ही विचारा.